उत्तर फुकट मिळतंय, मग शाळेनं करायचं काय?

खडूफळा: चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि घरून लिहून आणायचा निबंध तेव्हाच मेला. आपण सुतक पाळत नाही, इतकंच. माहिती सांगणं हे शिक्षकाचं मुख्य काम आता उरलेलं नाही. मुलांनी वर्गात बसून लिहावं, मग तोंडी विचारावं: हे असंच का? उलट असतं तर? गुण त्याला द्या. पाठांतर तर बंदच करा.

रात्रपाळी: हे पालुपद जुनं आहे हो. १९१३ मध्ये एडिसन म्हणाला होता, शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील, सिनेमा शिकवेल. २०१२ च्या सुमारास ऑनलाइन कोर्स विद्यापीठांना टाळं लावणार होते. नाव घालणारे लाखो, शेवटपर्यंत पोचणारे मूठभर. एकटा माणूस तिसऱ्या धड्याला उठून जातो. (मीही. चार कोर्स अर्धवट पडलेत.)

अर्धविराम: पण सिनेमाला उलट प्रश्न विचारता येत नव्हता! बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञानं १९८४ मध्ये मांडलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. एवढा फरक नंतर सहसा दिसला नाही, मान्य. तरी लाजरं मूल यंत्राला तीच शंका दहादा विचारतं आणि कुणी हसत नाही, हे थोडं आहे का?

रात्रपाळी: विचारू शकतं. विचारतं का? बहुतेक वेळा ‘उत्तर दे’ म्हणतं आणि मोकळं होतं.

जुनी खोड: मला पाठांतराचं वाक्य खटकलं. यंत्र चुकतं तेही ठासून. ज्याला सात आठे छप्पन्न येत नाही, त्याला कॅल्क्युलेटरवर एक शून्य जास्त दाबलं गेलं तर कळणार कसं? शिवाय आठवायला लागणारा ताणच गोष्ट पक्की करतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात होतं. आणि तोंडी परीक्षा? साठ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. त्यात बोलघेवडा तरणार, अडखळणारा बुडणार.

खडूफळा: पाठांतराचे शब्द मागे घेतो, घाईत लिहिलं. पण गठ्ठे तपासायला तास मिळतातच ना? जो निबंध मुलानंच लिहिला याची खात्री नाही, तो तपासायचा तरी कशाला? बोलघेवड्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

अर्धविराम: अडखळणाऱ्याला फळ्यावर आकृती काढून दाखवू द्या की.