युद्धकाळातल्या ट्रकमध्ये मूळ इंजिनच हवं, की चालेल असं इंजिन?

ओंटारिओकर

कॅनडातल्या ओशावाजवळ एका शेव्हरोले सी६०एल ट्रकवर आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी काम करतो. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ब्रिटन आणि त्याच्या बाजूने लढणाऱ्या फौजांसाठी ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’, म्हणजे सीएमपी, नावाची मालिका काढली, त्यातला हा ३ टनी. फोर्ड विंडसरला आणि जनरल मोटर्स ओशावाला, दोन्ही कंपन्या एकाच आराखड्यावर ट्रक बनवत होत्या. युद्धात कॅनडाने ८ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बांधल्या आणि त्यांतल्या साधारण निम्म्या सीएमपी होत्या. आमच्या ट्रकची केबिन १३ क्रमांकाची आहे. तिची पुढची काच खालून आत कललेली असते, म्हणजे वरून जाणाऱ्या विमानाला तिची चमक दिसू नये.

गटात वाद आहे तो इंजिनावरून. मूळ इंजिन शेव्हरोलेचं २१६ घनइंची, सहा सिलिंडर, ८५ अश्वशक्तीचं. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात, आजच्यासारखी बदलता येणारी बेअरिंगं नसतात, बॅबिट (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट रॉडमध्येच ओतलेलं असतं. रॉडच्या बेअरिंगला तेल दाबाने जात नाही. तळाच्या पन्हळीतून आणि नोझलच्या धारेतून रॉडच्या टोपीवरची छोटी पळी ते उचलते. बरेच जण हे इंजिन काढून १९५४ नंतरचं शेव्हरोलेचंच २३५ घनइंची बसवतात. बाहेरून जवळपास तसंच दिसतं आणि त्यात सगळीकडे दाबाने तेल फिरतं.

माझं मत स्पष्ट आहे. २१६ राहिलंच पाहिजे आणि ट्रक चाललाही पाहिजे. ब्रेकचे होज, सिलिंडर, लायनिंग सगळं नवं घालू, ॲस्बेस्टॉस तर नकोच. पण इंजिन हा या ट्रकचा स्वभाव आहे. तो ताशी ६० किलोमीटरने चालतो, कारण त्याचं इंजिन तसं आहे. ते बदललं तर आपण १९४३ सालच्या पत्र्याखाली दुसराच ट्रक चालवत असतो.

मिडलंड्सचा मुसाफिर

मी पूर्ण विरोधात. इंग्लंडमध्ये अशा गाड्यांचे ताफे रस्त्यावर निघतात, दर काही वर्षांनी नॉर्मंडीपर्यंत जातात. मागून चाळीस टनी ट्रेलर येत असताना चढावर २१६ चा रॉड ठोकायला लागला तर तुमचा ‘स्वभाव’ कुणाच्याच कामाचा नाही. मूळ इंजिनच्या हट्टापायी कितीतरी ट्रक शेडबाहेर पडत नाहीत. वर्षातून एकदा सुरू करायचं, फोटो काढायचे, परत ताडपत्री. त्यापेक्षा २३५ बसवा आणि तो महिन्यातून दोनदा चालवा. सील ओले राहतात, ब्रेक जाम होत नाहीत, टाकी गंजत नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते.

आणि मूळ इंजिन म्हणजे नेमकं कोणतं? युद्धात इंजिन गेलं की वर्कशॉपमध्ये ते उतरवून दुरुस्त केलेलं दुसरं चढवायचे. सैन्यालाच जे पवित्र नव्हतं ते आपण का मानायचं?

ओंटारिओकर

सैन्य २१६ काढून २१६ च घालत होतं. इंजिनाचा नंबर जुळण्याशी मलाही देणंघेणं नाही. त्या जातीचं इंजिन चालतं ठेवायचं कौशल्य टिकवणं हा माझा मुद्दा आहे. आमच्या गटातले दोघे निवृत्त मेकॅनिक अजून बॅबिटचं काम करतात. त्यांच्याबरोबर ते संपलं तर पुढच्यांना हे इंजिन फक्त चित्रात दिसेल.

संग्रहालयवाली, पुणे

मला तुम्हा दोघांचीही काळजी वाटते. मी वस्तूंच्या जतनाचं काम करते. कळकळीने विचारते, तुम्ही रंग काढलात का? सँडब्लास्टिंग करून, कोरं पोलाद करून, वरून नवा एकसारखा हिरवा मारला असेल, तर इंजिनाच्या आधीच बरंच काही गेलं.

ब्रिटिश सैन्याने युद्धाच्या मध्यावर गाड्यांना तपकिरी रंग दिला, १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब आला. आशियात जाणाऱ्या गाड्यांचे रंग वेगळे. त्यावर युद्धानंतरच्या मालकांचे थर. त्या थरांत नोंदणी क्रमांक, तुकडीची खूण, कधी पूल किती वजन पेलेल याचा पिवळा गोल आकडा दडलेला असतो. बारीक कागदाने, पाणी लावत, एकेक थर हळूहळू उतरवला तर ते सगळं वाचता येतं. कागदपत्रं हरवलेल्या ट्रकचं चरित्र त्याच्या दारावरच असतं. ग्राइंडर दहा मिनिटांत ते पुसतो.

शिवाय चालवलं की झीज आलीच, झिजलं की बदल आला. वीस वर्षांनी तुमच्याकडे १९४३ च्या चासीवर आजचे सुटे भाग असतील. असे हजारो ट्रक उरलेत, त्यातले काही चालोत. पण ज्याचा रंग, लाकूड, सीटचं कापड अजून मूळ आहे, तो उभा ठेवावा. त्याला कोरडी हवा द्यावी आणि हात कमी लावावेत.

एक सूचना सगळ्यांना. त्या काळच्या अनेक लष्करी गाड्यांच्या मीटरच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग आहे. अंधारात चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं समजू नका. चमकणारं रसायन थकलेलं असतं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. मीटर उघडून काटे खरवडू नका. धूळ श्वासात गेली तर खरा धोका.

उद्यमनगर कोल्हापूर

ओंटारिओकर दादा, मी तुमच्या बाजूने. आमच्या वडिलांच्या काळात उद्यमनगरात जुन्या ऑइल इंजिनांची बेअरिंगं ओतून द्यायचे, मी लहानपणी शेजारी उभा राहून बघितलंय. रॉड स्वच्छ करायचा, तापवायचा, कल्हई नीट धरली की नाही ते बघायचं. सगळा खेळ तिथे आहे. कल्हई धरली नाही तर बॅबिट वरून छान दिसतं आणि लोड आला की सुटतं. मग ओतायचं, लेथवर बोअर करायचं, क्रँकला निळा रंग लावून फिरवायचं, निळा जिथे उठेल तिथे स्क्रेपरने घासायचं. दीड-दोन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स. रॉड आणि टोपीच्या मधे पातळ पत्र्याचे शिम असतात, बेअरिंग सैल झालं की एक शिम काढायचा. आजच्या इंजिनात ही सोयच नाही. म्हणून २१६ ला कमकुवत म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त व्हावं अशा बेताने बनवलेलं इंजिन आहे.

पण मुसाफिर साहेबांच्या बाजूनेही एक सांगतो. सतत जास्त आरपीएमला पळवलं तर रॉडला तेल पुरत नाही, हे खरंय. ज्याला हायवेवर जायचंय त्याने हे इंजिन ठेवू नये.

इंजिनापेक्षा चाकांकडे बघा. सीएमपीची रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असते. रिमचे नट वेगळे, चाक हबला धरणारे नट वेगळे. रिमचे नट लाल रंगवायचे, ते याचसाठी. हवा भरलेली असताना लाल नट सैल केले तर रिम उडून माणूस जातो. नवा रंग मारताना पोरं सगळे नट हिरवे करून टाकतात.

डिस्पोजल, नगर

सगळे १९४३ मध्येच का अडकलेत? हे ट्रक सुट्या भागांच्या खोक्यांतून जहाजाने मुंबईलाही येत आणि इथे जोडले जात. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. युद्ध संपल्यावर ते लिलावात निघाले. आमच्या भागात ‘डिस्पोजलचा ट्रक’ म्हटलं की जुन्या माणसांना लगेच कळतं. लाकडी बॉडी बांधली, पुढे डिझेल इंजिन चढवलं आणि ऊस, कांदा, विटा वाहिल्या. सैन्यात चार वर्षं, रस्त्यावर तीस वर्षं. ते डिझेल इंजिन काढून परत २१६ शोधत बसणं म्हणजे ज्या लोकांनी ट्रक जगवला त्यांनाच पुसून टाकणं. मी तर तो उसाच्या बॉडीसकट जपेन.

कायद्याचंही बघा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. वय ५० वर्षांवर हवं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे २३५ वाले आणि माझे डिझेलवाले दोघेही बाहेर. त्यात हे नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत, ट्रकचा विचारच नाही. आपल्याकडे जुन्या मर्सिडीजला मान आहे, ओझी वाहणाऱ्याला नाही. हे बदललं पाहिजे.

आणि भारतात चालवणार असाल तर पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्याने खराब होतात. कुठलंही इंजिन ठेवा, पण हे भाग आधी बदला.

संग्रहालयवाली, पुणे

नगरच्या दादांशी मी शंभर टक्के सहमत. नंतरचं आयुष्यही पुरावाच आहे.

मिडलंड्सचा मुसाफिर

मग ओंटारिओकरांना सरळ विचारतो. ब्रेकचे भाग नवे चालतात, इंजिन नाही, ही रेघ कुठून आली? तुमचा निकष ‘परत मूळ करता येतं का’ हा असेल तर २३५ त्यात बसतं. त्याच जागेवर थोड्या फेरफाराने येतं, चासी कापावी लागत नाही. २१६ ला तेल लावून पेटीत ठेवा, ज्याला हवं तो उद्या बसवेल.

ओंटारिओकर

पेटीतलं इंजिन परत बसवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ट्रक विकला जातो, पेटी मागे राहते, शेवटी भंगारात जाते. रेघ मी अशी ओढतो: बिघडलं तर दुसऱ्याचा जीव जाईल, ते नवं. बिघडलं तर फक्त माझा रविवार जाईल, ते मूळ. म्हणूनच आम्ही हायवेवर जाणार नाही. ओशावाच्या रेजिमेंट संग्रहालयात जुन्या रणगाड्यांसकट गाड्या आवारात चालवून दाखवतात, लोक इंजिन ऐकतात, वास घेतात. तेवढं अंतर मला पुरेसं आहे.

ताई, रंगाबद्दल: दोन्ही दारं आणि बॉनेट अजून घासलेलं नाही. तुम्ही म्हणता तसं पाण्याने, थराथराने करू. चासी मात्र गंजाने पोखरली आहे, ती ब्लास्ट करावीच लागेल.

साताऱ्याची लेक

एवढ्या चर्चेत चालवणाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते. १९४४ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याला रसद पोचवणारा ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ हा ट्रकांचा ताफा धावला. त्याचे सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. आज त्या ताफ्यातला जीएमसी ट्रक चकाचक उभा करतात, फलकावर अश्वशक्ती लिहितात आणि त्यांचा उल्लेख एका ओळीतही नसतो. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, घाडगे तर मरणोत्तर. त्यांच्या डिव्हिजनांपर्यंत दारूगोळा आणि पीठ डोंगररस्त्यांनी ट्रकनेच निघायचं, जिथे रस्ता संपला तिथून खेचरांनी. इंजिन कुठलंही ठेवा, फलकावर हे लिहा. नाहीतर तुमचा वाद फक्त लोखंडाचा आहे.

ओंटारिओकर

फलकाचा मजकूर अजून ठरलेला नाही. तुम्ही मराठीतला लिहून दिलात तर इंग्रजीखाली तोही लावण्याचा आग्रह मी धरीन.

मिडलंड्सचा मुसाफिर

त्याला माझाही पाठिंबा. इंजिनावर मी अजून सहमत नाही. पहिल्या हंगामानंतर तेल काढाल तेव्हा त्यात झिजलेल्या बॅबिटचे चंदेरी कण दिसतात का, ते इथे लिहा.

उद्यमनगर कोल्हापूर

दादा, ओतायच्या आधी क्रँकचं प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, दोन दिशांनी मोजा. लंबगोल झालं असेल तर आधी ग्राइंडिंग, मग बॅबिट. आणि तळाचं ऑइल पॅन बसवण्याआधी नोझलचा नेम तपासा, धार पळीवरच पडली पाहिजे. हे चुकलं तर कितीही चांगलं ओतलेलं बेअरिंग टिकणार नाही.