अनुभव धागा : मांजराच्या नख्या आणि घरातला सोफा

आमच्या मनीने चार महिन्यांत सोफ्याचा उजवा हात आतला फोम दिसेपर्यंत ओरबाडला. आम्ही ओरडलो, टाळ्या वाजवल्या, तोंडावर पाणी मारलं. त्यातून एवढंच झालं, की ती आमच्यासमोर करायची थांबली आणि पहाटे तीनला करू लागली. शिवाय मला बघितलं की पलंगाखाली जाऊन बसायची. याचं मला आजही वाईट वाटतं.

एकदा सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीसारखं काहीतरी सापडलं. पोकळ आणि लसणाच्या सालीसारखं पातळ. नख तुटलं असं वाटून मी घाबरून डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, हे नखावरचं जुनं कवच आहे. ते निघावं म्हणून ती घासते, खाली नवीन टोक तयारच असतं. शिवाय पंजांमधल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, म्हणजे ही जागा माझी अशी खूण होते. आणि झोपून उठल्यावर पाठ-खांदे ताणायलाही तिला काहीतरी घट्ट धरावं लागतं. म्हणजे हे बंद होणार नाही, व्हायलाही नको. कुठे करू द्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

*

ठाण्यातला वन बीएचके, एक मांजर. पहिला खांब विकत आणला तो जेमतेम दीड फूट उंच आणि हलका. तिने पंजे लावले आणि तो तिच्याच अंगावर कलंडला. त्यानंतर तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग भावाने जाड प्लायवूडच्या पाटावर तीन फुटी लाकडी खांब ठोकला आणि त्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला. माप सोपं आहे : मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं गेलं पाहिजे आणि खांब तसूभरही हलता कामा नये.

तरीही आधी फसलोच, कारण खांब ठेवला गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे. तिथे ती कशाला जाईल? तिला खूण करायची असते ती सगळे बसतात-उठतात तिथे. शेवटी तो सोफ्याला खेटून ठेवला आणि सोफ्याच्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. तिसऱ्या दिवशी ती खांबावर! महिन्याभराने रोज वीतभर सरकवत तो खिडकीपाशी नेला. घाई केली असती तर पुन्हा सोफा होता.

*

आमचं घर सिंधुदुर्गात, मांजरं मोकळी. पडवीचा खांब आणि परसातल्या फणसाचं खोड, दोन्हींवर पिढ्यान्‌पिढ्यांचे ओरखडे आहेत, पण याला कधी कुणी त्रास म्हटलं नाही. बहिणीने पुण्यात फ्लॅटमध्ये मांजर आणल्यावर तिचे फोन सुरू झाले. आम्ही तिला सालीसकट एक ओंडका पाठवला. विकतच्या वस्तूपेक्षा त्याच्यावर मांजराचा जीव जास्त आहे.

*

प्रत्येक मांजर उभं राहून घासतं असं नाही. आमचा बोका फक्त आडवं घासतो : पायपुसणं, सतरंजी, योगा मॅट. खांबाचे पैसे वाया गेले. आता खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून उभ्या चिकटवते आणि त्याच्या झोपायच्या जागेशेजारी ठेवते. फाटलं की नवीन. खर्च फेविकॉलचा. आधी आपलं मांजर कुठे आणि कसं घासतं ते आठवडाभर बघा, मगच खरेदी करा.

*

मुलीला बोचकारलं, तो अनुभव लिहिते. पिल्लू लहान होतं तेव्हा आम्हीच त्याच्याशी हाताने खेळायचो. ते बोटांवर झडप घालायचं आणि आम्ही हसायचो. मोठं झाल्यावर त्याला हात म्हणजे शिकारच वाटू लागली. मनगटावर ओरखडा आला, थोडं रक्त आलं. सासूबाई हळद घेऊन आल्या, पण मी आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि लगेच डॉक्टरांकडे गेले. रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. घरचंच मांजर आहे म्हणून हे टाळू नका, कळकळीने सांगते. आता खेळ फक्त काठीला बांधलेल्या दोरीने.

*

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमध्ये. इथे ओळखीच्या एकांनी सहज सुचवलं, नखं काढूनच टाका. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नुसतं नख निघत नाही, नख ज्या हाडातून उगवतं ते बोटाचं शेवटचं पेरच कापतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी आणली, ब्रिटनमध्येही हे चालत नाही. आम्ही नाही केलं. सोफ्यावर जाड चादर टाकली आणि दोन खांब आणले, एक तिच्या झोपायच्या जागी, एक दारापाशी.

*

माझी मांजर चौदा वर्षांची. घासायची थांबली, तेव्हा आम्हाला वाटलं, बरं झालं. मग ती लंगडू लागली. पंजा उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूच्या अंगठ्याचं नख गोल वळून पंजाच्याच मऊ गादीत रुतलेलं. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजत नाही. सांधे दुखत असल्यामुळे तिला उभं राहून ताणताच येत नव्हतं आणि नखं जाड होत चालली होती. तरणं मांजर सोफा फाडतं तेव्हा लगेच दिसतं, म्हातारं घासायचं थांबतं ते कुणी बघत नाही.

आता दर दोन-तीन आठवड्यांनी मीच कापते. ती दुपारी पेंगत असते तेव्हा बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आतला गुलाबी भाग दिसतो. तिथे रक्तवाहिनी असते, म्हणून त्याच्या बरंच अलीकडे, फक्त आकड्यासारखं टोक कापायचं. एकदा चुकून खोल गेलं तेव्हा कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, रक्त थांबलं. एका दिवशी एकच पंजा. तिने हात ओढून घेतला की मी सोडते.

आणि तिच्या गादीशेजारी काथ्याचं पायपुसणं अंथरलंय. उठल्यावर ती आडवी पडूनच त्यावर दोन-चार वेळा पंजे ओढते.