संग्रहासाठी कोणती: साब ९५ की व्होल्वो ड्युएट?

गाडीवेडा:
साठच्या दशकातील स्वीडिश स्टेशन वॅगन (मागे सामानाची जागा असलेली लांब छपराची कार) जपायची असेल आणि जागा एकाच गाडीपुरती असेल, तर ती साब ९५ ला द्यावी, असे माझे ठाम मत आहे. व्होल्वो ड्युएट चांगली गाडी आहे, पण तिची घडण जुनी: वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा), तिच्यावर चढवलेली बॉडी, जोर मागच्या चाकांना. ९५ मात्र १९५९ साली विमाने बांधणाऱ्या कंपनीने आणली, ती पुढच्या चाकांच्या ओढीवर चालणारी आणि एवढ्याशा बॉडीत सात माणसे बसवणारी. सामानाच्या जागेतील तिसरे आसन उलगडले की मुले पाठीमागे तोंड करून, सरत जाणारा रस्ता बघत बसत. छपराच्या मागच्या कडेला हवा काचेवर वळवणारी पट्टी आहे, जेणेकरून काचेवर धूळ आणि बर्फ कमी साचावे. ८४१ सीसीच्या तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात मुख्य हलणारे भाग फक्त सात: तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड आणि एक क्रँकशाफ्ट. १९६१ च्या मोंटे कार्लो रॅलीत साबचे रॅलीचालक एरिक कार्लसन यांनी हीच वॅगन निवडली, कारण तिला चार गिअर होते. ते चौथे आले. कुटुंबाची वॅगन रॅलीत इतकी पुढे जाते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

लोखंडी सांगाडा:
आपली माहिती मान्य, निष्कर्ष मान्य नाही. ज्याला आपण जुनी घडण म्हणता, तीच जपणाऱ्याच्या कामी येते. १९५३ ते १९६९ या काळात बनलेल्या ड्युएटचे नावच सांगते की गाडी एक आणि कामे दोन, आठवडाभर माल आणि रविवारी कुटुंब. मागचे दोन दरवाजे कपाटासारखे बाजूला उघडतात, त्यामुळे लांब फळी आत सरकवताना वाकावे लागत नाही. पुढच्या काळात तिला बी१८ इंजिन मिळाले, जे व्होल्वोच्याच ॲमेझॉन या कारलाही होते. सुटे भाग शोधणाऱ्याला याचे मोल कळते. उलट टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच जाते, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तेही आटते, म्हणून फ्रीव्हील, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडताच चाके इंजिनापासून मोकळी करणारी सोय, दिले. परिणामी इंजिनाचा ब्रेक मिळत नाही आणि सुरुवातीच्या गाड्यांत सारा भार चार ड्रम ब्रेकांवर येतो.

गाडीवेडा:
ब्रेकची अडचण खरी आहे. पण त्या वेगळ्या चासीनेच ड्युएटचा घात केला, हेही पाहावे. सांगाडा स्वतंत्र आणि मजबूत असल्यामुळे स्वीडनच्या खेड्यांतील पोरांनी कित्येक ड्युएट मागून कापून त्यांचे ईपीए ट्रॅक्टर, म्हणजे कारपासून बनवलेली कमी वेगाची ट्रॅक्टरवजा वाहने, केले.

व्ही-फोर:
मधला मार्ग सुचवतो. १९६७ च्या मॉडेलपासून ९५ ला फोर्डचे १४९८ सीसीचे व्ही-४ इंजिन आले, ज्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नाही. घेताना बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) फायबरचा गिअर मात्र आधी तपासावा.

लोखंडी सांगाडा:
व्ही-४ घेतल्यावर ते सात भागांचे इंजिन जाते, म्हणजे मूळ मुद्दाच जातो. आणि ड्युएट कापल्या गेल्या असतील, तर न कापलेली, मागचे दोन्ही दरवाजे शाबूत असलेली ड्युएट सापडताच कोणीतरी घरात आणायला हवी. एकच जागा असेल, तर मी ती तिच्यासाठी ठेवीन, आणि पहिल्या दिवशी तिच्याखाली शिरून सांगाड्याचा गंज पाहीन.