मागचं डावं चाक आठ दिवसांत ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतं, पाण्याच्या टाकीत मात्र बुडबुडा दिसत नाही

खाडीकाठ
हॅचबॅक, ट्यूबलेस टायर १८५/६५ आर १५, कंपनीचे अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमचे रिम. गाडी सहा वर्षांची, रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. मागच्या डाव्या चाकात ३३ भरले की आठव्या दिवशी २७ दिसतात. बाकी तीन चाकं महिन्याला जेमतेम १ उतरतात. पंक्चरवाल्याने चाक काढून दोनदा टाकीत फिरवलं, बुडबुडा आला नाही. टायर अडीच वर्षांचा आहे आणि त्यात मधल्या पट्ट्यात एक जुनी स्ट्रिप (पंक्चर बुजवायची रबरी दोरी) आहे. कोणी नायट्रोजन भरा म्हणतंय, कोणी टायरमध्ये लिक्विड टाका म्हणतंय. आधी नक्की कुठे बघावं?

वंगण
आधी गळती केवढी आहे ते मोजू, म्हणजे टाकीत का दिसली नाही ते कळेल. या मापाच्या टायरमध्ये सुमारे ३० लिटर जागा असते. ६ पीएसआय उतरले म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजली तर साधारण १२ लिटर हवा गेली. आठ दिवसांची मिनिटं साडेअकरा हजार. हिशेब मिनिटाला एक घन सेंटीमीटरवर येतो. एकाच छिद्रातून ती येत असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी मिऱ्याएवढा बुडबुडा सुटेल. पण बीडच्या, म्हणजे टायरच्या तारेच्या कडेच्या, बोटभर लांबीतून झिरपत असेल तर ते बुडबुडे इतके बारीक होतात की कडेलाच चिकटून बसतात.

टाकीत चाक फिरतं ठेवलं की हे दिसायचं नाही. पहिलं अर्धं मिनिट तर ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, खाचांत अडकलेली हवाच वर येत असते. म्हणून पाव चाक पाण्यात बुडवायचं, हाताने खाचा पुसून घ्यायच्या आणि निदान दोन मिनिटं चाक अजिबात न हलवता बघायचं. मग पुढचा पाव भाग. तपासणीपुरते ४० पीएसआय भरा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ओलांडू नका.

माप घेताना एकच गेज, सकाळी, गाडी हलवायच्या आधी. तापमान सहा अंशांनी उतरलं तर दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, गाडी चालवून आल्यावर ३-४ ने वाढतो. संध्याकाळी गरम टायरवर ३३ भरून सकाळी मोजलं तर गळती नसतानाही आकडा कमी दिसणार. तुमची बाकीची तीन चाकं ठीक आहेत, त्यामुळे तुमच्याकडे गळती खरी आहे.

चारचाक
चाक खोलायच्या आधी दहा मिनिटांत होणारं काम करून घ्या. व्हॉल्व्हची टोपी काढा, साबणाच्या दाट पाण्याचा एक थेंब तोंडावर ठेवा आणि एक मिनिट बघा. व्हॉल्व्हच्या आतली पिन गळत असेल तर थेंबाचा घुमट हळूहळू फुगतो. पिन बदलायला चावी लागते, टायर खोलावा लागत नाही. फक्त सगळी हवा जाईल हे लक्षात ठेवा आणि नवी पिन जोर लावून आवळू नका, आतलं रबर कापलं जातं. टोपी नेहमी लावा. ती मुख्यतः पिनवर धूळ बसू नये म्हणून असते.

मग व्हॉल्व्हच्या बुडाशी साबण लावून तो हलकेच चारी बाजूंना वाकवा. वाकवतानाच फेस आला किंवा रबराला बारीक तडे दिसले तर अख्खा व्हॉल्व्ह बदला. याला मात्र टायर रिमवरून उतरवावा लागतो. सरळ उभा असताना व्हॉल्व्ह गळत नाही आणि चाक वेगात फिरताना बाहेर ओढला गेला की गळतो, म्हणून टाकीत हे सुटतं.

गंजमुक्त
सहा वर्षांचे अलॉय आणि खारा वारा म्हटल्यावर माझा संशय बीडवरच आहे. ॲल्युमिनियमवर लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते. ती रंगाच्या खाली शिरून त्याला फुगवते, आणि टायरची कड त्या खवल्यांवर बसते.

तपासायला चाक काढून आडवं टाका. रिम आणि टायर यांच्यामधल्या खाचेत साबणाचं पाणी गोल ओता, दहा मिनिटं हात लावू नका. गळतीच्या जागी दुधाच्या सायीसारखा पांढरा, बारीक फेस जमतो. मग चाक उलटं करून आतली बाजू तशीच बघा. ही बाजू बऱ्याचदा कोणी बघतच नाही. फेस सापडला की त्या जागी रिमवर आणि टायरवर, दोन्हीकडे खडूची खूण करा. टायर उतरवून पुन्हा अर्धा फेरा फिरवून बसवला आणि गळती रिमच्या खुणेशी राहिली तर दोष रिमचा, टायरच्या खुणेबरोबर सरकली तर टायरचा. हा एक खडू विनाकारण नवा टायर घेण्यापासून वाचवतो.

काम झाल्यावर साबण साध्या पाण्याने धुवा, भांड्याच्या साबणात मीठ असतं.

खाडीकाठ
व्हॉल्व्ह कोरडा निघाला. चाक आडवं टाकल्यावर आतल्या बाजूला, व्हॉल्व्हपासून साधारण वीतभर अंतरावर, चार बोटं लांबीत फेस आला. स्ट्रिपच्या जागी काही नाही. आता दुकानात नेमकं काय सांगू?

गंजमुक्त
असं सांगा: बीड सोडवून टायर उतरवायचा, रिमची बैठक, म्हणजे टायरची कड बसते ती जागा, पूर्ण गोल साफ करायची, फक्त चार बोटं नाही. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर हाताने चालवायचा, ग्राइंडर लावू देऊ नका. धातू खरवडला की बैठक खोल जाते आणि मग काहीच धरत नाही. टायरच्या कडेवरचा जुना थर आणि रबराचे कण ओल्या फडक्याने पुसायचे. दोन्ही कोरडे झाल्यावर बैठकीवर बीड सीलरचा (कडेची फट बुजवणाऱ्या लेपाचा) पातळ हात, डब्यावर लिहिल्याइतकं वाळू द्यायचं. हवा भरताना दोन्ही कडा बसल्याचे 'टक' आवाज येतात. ४० पीएसआयपर्यंत बसलं नाही तर हवा सोडून पुन्हा वंगण लावायचं, जास्त दाबायचं नाही. टायर खुला आहे तोवर नवा रबरी व्हॉल्व्हही घालून घ्या, आणि शेवटी बॅलन्सिंग करा.

वंगण
टायर उघडा असताना दोन गोष्टी बघून घ्या. एक, रिमची आतली कड बॅलन्सिंग मशीनवर रिकामी फिरवा. खड्ड्यात आपटून वाकलेली जागा लंगडत फिरताना दिसते. चार बोटांच्या त्याच जागी बाक किंवा केसाएवढी चीर असेल तर साफसफाईने काही होणार नाही. चिरलेला रिम वेल्डिंग करून वापरू नका, बदला.

दुसरं, स्ट्रिप. आज गळत नसली तरी आतून बघून घ्या. छिद्र ट्रेडच्या मधल्या पट्ट्यात आणि ६ मिमीपर्यंत असेल तर स्ट्रिप काढून मश्रूम पॅच (छिद्रात दांडी आणि आतून चकती असलेला) लावता येतो, कारण तो आतलं अस्तरही बंद करतो. खांद्यावर किंवा बाजूला असेल तर पॅच नको, टायर बदला.

नायट्रोजनने छिद्र बुजत नाही, आणि साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. लिक्विड आत्ता टाकू नका. ते आत सगळीकडे माखतं, मग बैठक साफ करणं आणि पॅच चिकटवणं दोन्ही अवघड होतं.

चारचाक
दुकानातून निघाल्यावर दुसऱ्या सकाळी थंड टायरवर ३३ करा आणि तारीख लिहून ठेवा. आठव्या सकाळी ३२ च्या खाली नसेल तर काम झालं. तोवर रोज बघा. २५ च्या खाली लांबचा प्रवास करू नका, बाजूची भिंत वळवळून आतून तापते आणि झिजते. उतरवलेल्या टायरच्या आत काळी रबराची पूड सापडली तर तो टायर पुन्हा चढवू नका. स्टेपनीतही हवा आहे ना, ते त्याच दिवशी बघून घ्या.