खुन्यापेक्षा मृतदेहाची चूक मोठी

या रहस्यकथेत बंद खोलीतून खुनी निसटला कसा, हा तुमचा आक्षेप रास्तच आहे. पण मला त्याहून जास्त खटकतं ते मृतदेहाचं. रात्री फरशीवर उताणा मेलेला माणूस खुनी सकाळी खुर्चीत बसवतो, आत्महत्येचा देखावा करतो, आणि डॉक्टरही मान डोलावतात! हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला साचतं, जांभळट डाग पडतात आणि साधारण ८ ते १२ तासांत ते पक्के होतात. मग देह कसाही बसवा, डाग पाठीवरच राहणार. खांद्याची पाती जिथे फरशीला टेकली होती, तेवढीच जागा फिकट दिसणार. शर्ट वर केला की कळेल अशी गोष्ट आहे ही. लेखकाने तिथेच तपासाला वळण दिलं असतं तर काय मजा आली असती!

क्लोरोफॉर्मच्या रुमालाने दोन सेकंदांत बेशुद्धीही तशीच. प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात.

योगायोग मात्र मी माफ करते, पण सुरुवातीचा. योगायोगाने खुनी अडचणीत आला तर पटतं, शेवटी योगायोगानेच सापडला तर आधीचे सगळे भाग वाया गेल्यासारखे वाटतात.