दूध संस्थेच्या अ‍ॅपचं ध्येय काय असावं? डाउनलोड की वाचलेला हेलपाटा?

रंकाळा_डिझाइन
करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी अ‍ॅप करतोय. बैठकीत ध्येय ठरलं: तीन महिन्यांत निम्म्या सभासदांच्या फोनवर अ‍ॅप. माझा याला विरोध आहे. चार दिवस सकाळी सहाला संकलनावर उभा राहिलो. फॅट, एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांची) चिठ्ठी मिळते, ती ओल्या हातात विरघळते. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा कपात पेंडीची की उचलीची, हे विचारायला बायका पुन्हा सचिवाकडं येतात. तो हेलपाटा थांबणं हेच ध्येय हवं. साध्या एसएमएसनं थांबला तर अ‍ॅप नसलं तरी चालेल.

शिरोली_एमआयडीसी
पटलं नाही. पैसे संस्थेनं दिलेत, वार्षिक सभेत दाखवणार काय? फौंड्रीत आम्ही रिजेक्शन, म्हणजे नापास झालेले नग, मोजतो म्हणून सुधारतो. डाउनलोड निदान मोजता येतात. वापरणाऱ्यांचा अनुभव मोजण्यासाठी गूगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या 'हार्ट' चौकटीतही 'अ‍ॅडॉप्शन', म्हणजे किती जण नव्यानं वापरू लागले, हे आहेच.

रंकाळा_डिझाइन
त्याच चौकटीत 'टास्क सक्सेस', म्हणजे वापरणाऱ्याचं काम झालं का, हेही आहे. आणि क्रम असा आहे: आधी ध्येय, मग त्याच्या खुणा, आकडा शेवटी. तुम्ही रिजेक्शन मोजता, किती साचे भरले यावर खूश होत नाही. डाउनलोड म्हणजे भरलेले साचे. बिलानंतरचे दोन दिवस सचिवाकडं आलेल्या शंका वहीत लिहिल्या, की झालं मोजमाप.

पंचगंगाकाठ
मी दुसऱ्या संस्थेत सचिव आहे. शंका कमी व्हाव्यात हे मलाही हवंय. पण प्रत्येक कपातीचं कारण टाइप कोण करणार? बिलाच्या आदल्या रात्री आम्ही आधीच बारापर्यंत बसतो. अ‍ॅप वापरणारा मीही आहे, हे ध्येयात कुठंच दिसत नाही.

रंकाळा_डिझाइन
हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. पेंड देतानाच नोंद झाली तर बिलात कारण आपोआप येईल. उचलीचं कसं जमवायचं, बघावं लागेल.

म्हशीवाली
दादा, खातं सासऱ्यांच्या नावावर, नंबर त्यांचाच. एसएमएस त्यांनाच जाणार. धार मी काढते, डेअरीत दूध मीच घालते. तुमच्या वहीत शंका आली नाही म्हणजे मला कळलं, असं धरू नका. घरात विचारायची सोय नसली की बाई गप्प बसते. आधी खात्याला दुसरा नंबर जोडायची सोय करा.

शिरोली_एमआयडीसी
ताई, हे मान्य. पण मग सभासद कोण आणि वापरणारी कोण, हे संचालक मंडळानं ठरवायला हवं. ते डिझायनरच्या हातात नाही.

म्हशीवाली
मंडळापुढं हा प्रश्न ठेवायचं तरी त्यांच्या हातात आहे ना?