मोठ्या मुलांसह पुण्याहून एका दिवसात मुंबई : काय पाहावे, काय सोडावे?

प्रश्न : सिंहगडपायथा

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीतील एका शनिवारी आम्ही चौघे पुण्याहून मुंबईला जाऊन त्याच रात्री परतण्याचा बेत करत आहोत. मुलगी १६ वर्षांची असून तिचा हात चित्रकलेत चांगला आहे, तर १३ वर्षांच्या मुलाचे सारे लक्ष क्रिकेट आणि रेल्वे यांवर असते. राणीची बाग आणि चौपाटी दोघांनीही लहानपणी पाहिली आहे, त्यामुळे आता त्यांच्या वयाला साजेसे काहीतरी दाखवावे अशी मनापासून इच्छा आहे.

जाताना डेक्कन क्वीनचे आरक्षण मिळाले आहे. ती पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते आणि १०.२५ च्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते. परतीसाठीही तीच गाडी, म्हणजे संध्याकाळी ५.१० ची, घ्यावी असे वाटते, पण ते आरक्षण अजून केलेले नाही. माझ्या यजमानांनी केलेल्या यादीत घारापुरीची लेणी, गेटवे, वस्तुसंग्रहालय, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक आणि मरीन ड्राइव्ह एवढी ठिकाणे आहेत. ती यादी वाचून मुलीने विचारले, "म्हणजे दिवसभर गाडीतच बसायचे का?" आणि तिचे काही चुकते आहे असे मला वाटत नाही. यातले काय ठेवावे, काय गाळावे, आणि या वयाची मुले कंटाळणार नाहीत अशा रीतीने दिवस कसा आखावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उत्तर १ : गिरगावकर

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. हातात पावणेसात तास असताना वरळी, प्रभादेवी आणि घारापुरी या तीन दिशांना धावलात, तर मुलांना मुंबई टॅक्सीच्या काचेतूनच दिसेल. विज्ञान केंद्र आणि सिद्धिविनायक या खेपेला सरळ गाळा. सीएसएमटी ते गेटवे हा पट्टा रमतगमत पायी करता येतो, आणि मोठ्या मुलांना पाहण्यासारखे या शहरात जे आहे त्याचा फार मोठा भाग या एकाच पट्ट्यात आहे. लहान मुलांसोबत हे जमत नाही, कारण ती दमतात. तेरा आणि सोळा वर्षांची मुले चालू शकतात, आणि तुमच्या हाताशी असलेली ही सर्वांत मोठी सोय आहे.

गाडीतून उतरल्यावर स्थानकाबाहेर पडण्याची घाई करू नका. लोकलच्या फलाटांच्या बाजूला जुने तिकीटघर आहे, तिथे पाच मिनिटे थांबून मुलांना मान वर करून छत पाहायला सांगा. मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने संपूर्ण स्थानक पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने ते उभारले, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे त्याचे काम चालले, आणि २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. तुमच्या मुलीला मुद्दाम सांगा की स्थानकाच्या दगडावरचे बरेचसे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलेला आहे, एक इंग्लंडचा आणि एक हिंदुस्थानचा. भिंतींवर जागोजागी पाने, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत. चित्र काढणाऱ्या मुलीला तिथेच अर्धा तास सहज पुरेल, आणि तो द्यावा.

तोवर मुलाला घेऊन तुमच्या यजमानांनी जवळच्या आझाद मैदानावर जावे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, ती याच मैदानावर. शनिवारी तिथे एकाच वेळी अनेक सामने चाललेले असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, आणि तरी कोणाचा चेंडू कोणता याचा घोळ होत नाही. हे दृश्य क्रिकेटवेड्या मुलाने एकदा पाहायलाच हवे.

पुढे दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींखालून चालत हुतात्मा चौकात या. उन्हात हा रस्ता सावलीचा आहे. फ्लोरा फाउंटनचे कारंजे १८६४ चे. मात्र त्याच्या शेजारच्या स्मारकापाशी मुलांना थांबवून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ थोडक्यात सांगावी असे मला फार वाटते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे मोर्चावर गोळीबार झाला. १ मे १९६० चे महत्त्व मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते, पण ते ज्या रस्त्यावर घडत गेले तो रस्ता पायाखाली असला की ऐकणे वेगळे होते.

तिथून ओव्हल मैदान चार पावलांवर आहे. मैदानाच्या मधोमध उभे राहून आधी पूर्वेकडे पाहावे. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ही एकोणिसाव्या शतकातली, टोकदार कमानींची रांग दिसते. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत या इमारती उभ्या राहिल्या, आणि तेव्हा मैदानापलीकडे समुद्र होता. विसाव्या शतकात तिथे भराव पडला आणि पश्चिमेला गोलसर सज्जांच्या, आर्ट डेको धाटणीच्या इमारती आल्या. पाठ वळवली की साठ-सत्तर वर्षांचे अंतर ओलांडले जाते. या दोन्ही रांगांचा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

त्यानंतर काळा घोडा, जेवण, वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे. गेटवेला वीस मिनिटे पुरतात. तिथून सीएसएमटीला टॅक्सीने या, आणि पावणेपाचला फलाटावर असा.

उत्तर २ : फळा_खडू

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि आठवी ते दहावीच्या मुलांच्या सहलींसोबत नेहमी जाते. गिरगावकर काकांनी सांगितलेला मार्ग उत्तम आहे, पण तो मुलांना कसा द्यायचा हा प्रश्न मार्गाइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून लिहिते.

या वयाच्या मुलांना आईवडिलांमागून चालत माहिती ऐकणे मनापासून आवडत नाही. तीच मुले हातात नकाशा आणि जबाबदारी दिली की बदलतात. निघण्याआधी एक संध्याकाळ चौघांनी एकत्र बसावे, मोठ्या कागदावर हा पट्टा काढावा, आणि प्रत्येकाने आपले एक ठिकाण निवडावे. त्या ठिकाणापुरता तोच माणूस वाटाड्या. तो सांगेल तितका वेळ तिथे थांबायचे आणि बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. हा नियम आईवडिलांनाही तितकाच लागू असावा, नाहीतर मुलांचा त्यावरचा विश्वास उडतो. दिवसाच्या खर्चाची रोख रक्कमही मुलाच्या हाती द्या. तिकिटे, जेवण आणि टॅक्सीचा हिशेब त्याने ठेवावा. वस्तू विकत मागण्याचे प्रमाण आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

वस्तुसंग्रहालयाविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा उघडे असते, आणि ते सगळे पाहू म्हटले तर दिवस संपेल. एकामागून एक दालने चालत गेल्यास चौथ्या दालनापासून मुले पाहणे थांबवतात आणि पाय ओढू लागतात. म्हणून दीड तास ठरवून घ्यावा, आणि प्रत्येकाने फक्त तीन वस्तू नीट पाहून इतरांना दाखवाव्यात. शस्त्रदालनात अकबराचे चिलखत आहे, त्यावर १५८१ ची नोंद आहे. ज्या बादशहाविषयी इतिहासाच्या तासाला नुसते वाचले, त्याच्या छातीचे माप त्या पोलादावर समोर दिसते. आमच्या वर्गातला सर्वांत चुळबुळ्या मुलगा त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हता. तुमच्या मुलीसाठी लघुचित्रांचे दालन आणि प्राचीन असिरियातील राजवाड्याचे कोरीव शिलापट सुचवते. ही इमारत जॉर्ज विटेट यांची. गेटवेही त्यांचाच, त्यामुळे दोन्हींच्या घुमट-कमानींत सारखेपणा शोधण्याचे काम मुलांना देता येईल.

शेजारीच जहांगीर कलादालन आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शने सतत बदलत असतात. बाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात. तुमच्या मुलीला त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू द्या, आणि त्या वेळी तुम्ही थोडे दूर उभे राहा. सोळा वर्षांच्या मुलीला एखाद्या चित्रकाराला "हा रंग कसा लावलात?" असे विचारायचे असते, पण आई शेजारी असली की ती विचारत नाही.

उत्तर ३ : डोंगरवाट

वरील दोघांशी मी सहमत आहे, तरी घारापुरीची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मते मोठ्या मुलांना दाखवावे असे मुंबईतले सर्वांत थोर शिल्प तिथेच आहे. मुख्य लेण्यात दक्षिणेकडच्या भिंतीवर सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती आहे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिली काही क्षणे फक्त खांब दिसतात, आणि डोळे सरावले की ती मूर्ती अंधारातून हळूहळू उमटते. चित्रकलेची आवड असलेल्या मुलीला मधला शांत चेहरा आणि बाजूचा भैरवाचा उग्र चेहरा यांतील फरक समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु ती तुमच्या या दिवसात बसणार नाही. गेटवेपासून लाँचने एका बाजूला साधारण तास लागतो, वर धक्क्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्या चढायच्या असतात, आणि लाँच भरेपर्यंत थांबावेही लागते. सगळे मिळून पाच तास धरावेत. साडेदहाला सीएसएमटीला उतरून ५.१० ची गाडी गाठायची असेल, तर दिवसभरात घारापुरीशिवाय काहीही होणार नाही, आणि परतीची लाँच रेंगाळली तर गाडीही चुकेल. त्यामुळे घारापुरीसाठी मुंबईत एक रात्र मुक्काम करून सकाळी नऊच्या सुमाराची लाँच धरावी. लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना लाँच सुटत नाहीत. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे प्रवेशशुल्क नाही, म्हणजे तुमच्या मुलाचे तिकीट पडणार नाही.

जेवणाविषयी एक सूचना. काळा घोडा परिसरात चौघांचे जेवण बरेच महाग पडते. आझाद मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धोबी तलावाजवळ क्यानी हे १९०४ पासूनचे इराणी हॉटेल आहे. उशिरा नाश्ता म्हणून तिथे बन मस्का, ऑम्लेट आणि चहा घेतलात, तर दुपारी फोर्टच्या एखाद्या गल्लीत साधी थाळी किंवा डोसा पुरेल. लाकडी खुर्च्या आणि काचेच्या बरण्यांतली बिस्किटे पाहणे हाही मुंबई दर्शनाचाच भाग समजावा.

सिंहगडपायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री फळा_खडू ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोठा कागद घेऊन बसलो. मुलीने जहांगीर निवडले, मुलाने आझाद मैदान, यजमानांनी ओव्हल आणि मी वस्तुसंग्रहालय. घारापुरी हिवाळ्यात मुक्कामाने करायची असे ठरले. यजमानांनी विज्ञान केंद्र स्वतःच्या हाताने खोडले.

आता एकच अडचण उरली आहे. मुलीला मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त पाहायचा आहे, आणि ५.१० च्या गाडीने तो होणार नाही. मुलाला मात्र डेक्कन क्वीननेच परतायचे आहे. सूर्यास्त पाहून रात्री पुण्याला परतण्याची खात्रीची सोय कोणती? दिवसभर चालल्यानंतर लोकलच्या गर्दीत मुलांना नेणे मला थोडे अवघड वाटते.

उत्तर ४ : गिरगावकर

ताई, सोय आहे. दिवाळीच्या सुमारास सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. गेटवे पाहून साडेचारपर्यंत मोकळ्या झालात, तर टॅक्सीने नरिमन पॉइंटला उतरा आणि कठड्याच्या कडेने चर्चगेटच्या दिशेने सावकाश चालत या. सूर्य डाव्या हाताला, समुद्रावर असेल. साडेसहाला चर्चगेटहून भुयारी मेट्रोने दादर गाठावे. गाडी वातानुकूलित आहे आणि लोकलइतकी रेटारेटी नसते. दादरला पूल ओलांडून पूर्वेला आलात की पुण्याच्या शिवनेरी बस मिळतात. सुट्टीचे दिवस असल्याने चार जागा आधीच आरक्षित करून ठेवाव्यात. आठची बस धरलीत, तर वाटेतली गर्दी गृहीत धरूनही मध्यरात्रीच्या आत घरी पोहोचाल.

मुलाच्या बाजूने हेही सांगायला हवे की डेक्कन क्वीनने परतण्यात त्याचा खरा फायदा आहे. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात. येताना घाट उतरायचा असल्याने ते दृश्य दिसत नाही. रेल्वेची आवड असलेल्या मुलाने शेवटच्या डब्याजवळून ते पाहण्याची इच्छा धरणे अगदी स्वाभाविक आहे. डायनिंग कार मात्र सकाळच्या फेरीतही असते, म्हणून निदान जाताना तरी त्याला तिथे बसवून ऑम्लेट खाऊ घाला. १ जून १९३० पासून धावणाऱ्या गाडीत चालत्या डब्यात टेबलाशी बसून नाश्ता करणे त्याला नक्की आवडेल.

दोघांचे पटतच नसेल, तर यजमान आणि मुलगा ५.१० च्या गाडीने, आणि तुम्ही व मुलगी शिवनेरीने, असे दोन जथे करायला काहीच हरकत नाही. तसे ठरले तर मुलीसोबत वस्तुसंग्रहालयातला वेळही अर्ध्या तासाने वाढवता येईल, आणि गेटवेच्या गर्दीत तुम्हाला जावेही लागणार नाही. त्यांनी दोघांनी गेटवे करावा, तुम्ही काळा घोड्याहून थेट समुद्राकडे निघावे.